नाडी मंद दिसते म्हणून बीटा ब्लॉकर बंद करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांचे वय 64. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरची 50 मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी चालू आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. मुलीने भेट दिलेले मनगटी घड्याळ पहाटे नाडी 48 दाखवते, अलीकडे थकवा जाणवतो, आणि ओळखीतल्या एका गृहस्थांची हीच गोळी त्यांच्या डॉक्टरांनी बंद केली आहे. मग बाबांचीही बंद करावी का?

आधी उत्तर सांगतो, कारणे नंतर. आज, उद्या किंवा येत्या आठवड्यात ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण ती आयुष्यभर चालूच राहिली पाहिजे असेही मी म्हणणार नाही. ती कमी करता येईल का, बंद करता येईल का, हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत हृदयरोगतज्ज्ञ स्वतःच तो नव्याने विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर मात्र घड्याळातल्या आकड्यात नसून वडिलांच्या इको रिपोर्टमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या अहवालात आहे.

ही गोळी शरीरात नेमके काय करते ते समजले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. भीती वाटली, जिना चढलो, रागावलो, की शरीर ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही रसायने सोडते. पेशींवर त्यांना बसण्यासाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अमेरिकेतील रेमंड आलक्विस्ट यांनी 1948 साली या जागांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असावेत असे मांडले. पुढे बीटाचेही पोटप्रकार कळले. बीटा-1 मुख्यतः हृदयावर आणि मूत्रपिंडात असतात, तर बीटा-2 श्वासनलिकांवर, रक्तवाहिन्यांवर, स्नायूंवर आणि यकृतात असतात. बीटा ब्लॉकरचा रेणू त्या जागेवर जाऊन बसतो आणि ॲड्रिनॅलिनला बसू देत नाही. हृदय त्यामुळे संथ आणि थोडे कमी जोराने धडधडते, मूत्रपिंडातून रक्तदाब चढवणारे रेनिन कमी सुटते, रक्तदाब उतरतो. आणखी एक गोष्ट घडते, जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त भरते ते प्रामुख्याने दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. ठोके मंदावले की हा विसावा लांबतो, म्हणजे हृदयाची मागणी घटते आणि त्याला मिळणारा पुरवठा वाढतो.

मागणी घटवण्याची ही कल्पना स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांची. अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडणे, तेव्हा रक्त वाढवा, याच दिशेने त्या काळी औषधांचा शोध चालला होता. ब्लॅक यांनी विचार उलटा केला. पुरवठा वाढवता येत नसेल तर हृदयाचे काम हलके करू. त्यातून 1960च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आले आणि 1988 साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल, ॲटेनोलॉल अशी या कुटुंबातली बरीच औषधे आपल्याकडे मिळतात. हे सगळे भाऊबंद असले तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवा.

आता गोळी अचानक का थांबवू नये ते सांगतो. जागा अडवून ठेवल्या की शरीर स्वस्थ बसत नाही. महिनोन्महिने संदेश नीट पोहोचत नाही असे पाहून पेशी आणखी रिसेप्टर तयार करतात. गोळी चालू आहे तोवर त्याने काही बिघडत नाही. गोळी एकाएकी थांबली की दोन-तीन दिवसांत औषध उतरते, सगळ्या जागा मोकळ्या होतात, आणि पूर्वीइतकेच ॲड्रिनॅलिन पूर्वीपेक्षा जास्त दरवाजे ठोठावते. नाडी उसळते, रक्तदाब चढतो, आणि ज्याच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्याच्या छातीत दुखू लागते. क्वचित अटॅकही येतो.

मी सोलापूर जिल्ह्यात काम करत असताना आषाढी वारीत एक वारकरी माझ्याकडे आले होते. अंजायनासाठी ॲटेनोलॉल कित्येक वर्षे चालू. आळंदीहून निघताना दहा गोळ्यांची एक पट्टी बरोबर घेतली होती, ती फलटणला संपली. रोज इतके चालणे होत आहे, प्रकृती छान आहे, आता घरी गेल्यावरच नवी पट्टी घेऊ, असा त्यांनी विचार केला. बरड, नातेपुते, माळशिरस हे मुक्काम ठीक गेले. वेळापूरला छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली रिकामी पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘डॉक्टर, एवढीच चूक झाली.’ ईसीजीत बदल दिसत होते. वेळेत उपचार मिळाले आणि ते सावरले. तेव्हापासून वारीला, यात्रेला, गावी किंवा परदेशी मुलांकडे निघालेल्या प्रत्येक रुग्णाला मी एकच विचारतो : गोळ्या किती दिवसांच्या घेतल्या आहेत? जितके दिवस बाहेर, त्याहून एक आठवडा जास्त, आणि त्याही दोन वेगळ्या पिशव्यांत.

त्यामुळे औषध थांबवायचे ठरले तरी ते उतरत्या पायऱ्यांनी थांबवावे लागते. साधारणपणे एक ते दोन आठवडे, आणि धमन्यांचा आजार असेल तर त्याहूनही सावकाश, मात्रा टप्प्याटप्प्याने निम्मी करत नेतात. त्या काळात धावपळ, जड कामे आणि जागरणे टाळायची. छातीत दुखले तर वाट पाहायची नाही.

मग मूळ प्रश्न : अटॅकनंतर तीन वर्षांनी ही गोळी लागते का? अटॅकनंतर बीटा ब्लॉकर दिल्याने मृत्यू कमी होतात हे 1981 साली नॉर्वेतील टिमोलॉलच्या आणि अमेरिकेतील प्रोप्रॅनोलॉलच्या मोठ्या चाचण्यांतून दिसले. पण तेव्हा बंद पडलेली धमनी तातडीने उघडण्याची सोय नव्हती, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे नव्हती, हृदयाचा मोठा भाग मरून जात असे. आज अँजिओप्लास्टी वेळेत झाली तर पुष्कळांचे हृदयाचे पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, जवळजवळ पूर्ववत राहते. अशा रुग्णांवर स्वीडनमध्ये मुख्यतः झालेली रिड्यूस-एएमआय ही चाचणी 2024 साली प्रसिद्ध झाली. पंपिंग 50 टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या सुमारे 5000 रुग्णांत बीटा ब्लॉकर दिल्याने मृत्यू किंवा पुन्हा येणारा अटॅक यांत फरक पडला नाही. 2025 साली स्पेन आणि इटलीतील रीबूट या चाचणीतही पंपिंग 40 टक्क्यांहून जास्त असलेल्यांत फायदा आढळला नाही. त्याच सुमारास नॉर्वे आणि डेन्मार्कमधील चाचणीत मात्र थोडा फायदा दिसला, तो मुख्यतः पुन्हा अटॅक येण्याच्या बाबतीत. आणि तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची चाचणी फ्रान्समधील अबिस, 2024 सालची. तिच्यात अटॅक येऊन बराच काळ लोटलेल्या, गोळी व्यवस्थित चालू असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांची गोळी थांबवली. थांबवणे हे चालू ठेवण्याइतकेच सुरक्षित आहे असे तिच्यात सिद्ध झाले नाही. थांबवलेल्यांना हृदयाच्या तक्रारींसाठी रुग्णालयात जास्त वेळा दाखल व्हावे लागले आणि त्यांचे रोजचे जगणेही अपेक्षेप्रमाणे सुधारले नाही.

हे सारे एकत्र ठेवून माझे मत असे आहे. पंपिंग 40 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर प्रश्नच मिटतो, गोळी चालू ठेवायची. पंपिंग उत्तम असेल, अंजायना नसेल, हृदयाची लय बिघडलेली नसेल, रक्तदाबासाठी तिची गरज नसेल आणि गोळीमुळे खरोखर त्रास होत असेल, तर तज्ज्ञांशी बोलून ती हळूहळू कमी करून पाहणे योग्य ठरेल. त्रास काहीच नसेल तर केवळ ‘एक गोळी कमी झाली’ या समाधानासाठी मी ती काढत नाही. ओळखीतल्या गृहस्थांची गोळी बंद झाली याला तुमच्या वडिलांच्या बाबतीत काहीच अर्थ नाही. तीच गोळी एकाला रक्तदाबासाठी, दुसऱ्याला अनियमित ठोक्यांसाठी, तिसऱ्याला थायरॉइड वाढल्यामुळे होणाऱ्या धडधडीसाठी आणि चौथ्याला अर्धशिशीसाठी दिलेली असते. थायरॉइड आटोक्यात आल्यावर ती सहज थांबते. अशक्त हृदयाच्या रुग्णात ती थांबवणे म्हणजे त्याचा आधार काढून घेणे असते.

अशक्त हृदयाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे अजूनही गैरसमज आहेत. ‘ठोक्यांचा जोर कमी करणारे औषध आधीच कमजोर हृदयाला कसे द्यायचे?’ हा प्रश्न तर्काला धरून आहे, आणि एके काळी पाठ्यपुस्तकांतही अशा रुग्णांना बीटा ब्लॉकर देऊ नये असेच लिहिलेले असे. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी 1975 साली अवघ्या सात रुग्णांचा अनुभव छापला आणि उलटेच सांगितले. पुढे बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि कार्व्हेडिलॉल या तिघांनी मोठ्या चाचण्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटवून दाखवले. सतत ॲड्रिनॅलिनचे चाबूक खाऊन थकलेल्या हृदयाला विसावा मिळाला की ते कित्येकदा काही महिन्यांत आपणहून सावरते. मात्र सुरुवात अगदी थेंबाथेंबाने करावी लागते : बिसोप्रोलॉल 1.25 मिलिग्रॅम, कार्व्हेडिलॉल 3.125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि दर दोन आठवड्यांनी वाढ. पायांवर सूज आहे, झोपल्यावर धाप लागते, फुप्फुसांत पाणी आहे, अशा अवस्थेत सुरुवात करायची नाही. आधी पाणी उतरवायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत थोडे गळल्यासारखे वाटते, आणि त्याच वेळी पुष्कळ रुग्ण गोळी सोडून देतात याची मला खंत वाटते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना कळवावे.

आता घड्याळातल्या 48 या आकड्याकडे येऊ. गाढ झोपेत निरोगी माणसाचीही नाडी पन्नाशीच्या खाली जाते. ही गोळी घेणाऱ्याची तर जाणारच. वडील उठून, चहा घेऊन, दहा मिनिटे शांत बसल्यावर मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण ठोके अनियमित असले तर हिशेब चुकतो. घड्याळ आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर दोन्ही अवांतर ठोके कधीकधी पकडत नाहीत आणि खरी नाडी 70 असताना 40 दाखवतात. जागेपणी 50 ते 60 आणि तक्रार काही नाही, तर ते औषधाचे अपेक्षित काम आहे. जागेपणी 50च्या खाली वारंवार, किंवा आकडा कितीही असो पण चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणे, चार पावलांत धाप, असे काही असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. हृदयातली विजेची वाट अडलेली असू शकते आणि ते फक्त ईसीजीतच कळते.

थकव्याचे खापर मात्र लगेच गोळीवर फोडू नका. गोळी सुरू झाल्याच्या किंवा वाढवल्याच्या पहिल्या महिन्यात आलेला थकवा तिचा असू शकतो. तीन वर्षे मुकाट चाललेली गोळी अचानक थकवा देऊ लागली असे सहसा होत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, आणि मेटफॉर्मिन चालू असल्यामुळे बी-12 हे तपासून घ्या. मेटफॉर्मिनने बी-12 कमी होते आणि हे कारण फार वेळा नजरेतून सुटते. झोपेत घोरणे आणि दिवसा पेंग येणे आहे का तेही विचारा. हातपाय गार पडणे हे मात्र खरोखर या गोळीचे लक्षण आहे, आणि स्पष्ट, विचित्र स्वप्ने मेंदूपर्यंत सहज पोहोचणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल-मेटोप्रोलॉलमध्ये अधिक पडतात. लैंगिक तक्रार पुरुष सहसा बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितले तर औषध बदलता येते.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला नाडीपेक्षाही जास्त काळजी वाटते ती ग्लिमेपिराइडची, कारण त्याने साखर प्रमाणाबाहेर घटू शकते. साखर घटली की हात थरथरतात, छाती धडधडते, आणि माणूस सावध होऊन गूळ किंवा बिस्किट तोंडात टाकतो. हे दोन्ही इशारे ॲड्रिनॅलिनचे असतात आणि बीटा ब्लॉकर ते झाकून टाकतो. घाम मात्र झाकला जात नाही, कारण तो वेगळ्या रसायनामुळे येतो. म्हणून घरातल्या सर्वांनी पाठ करावे : अचानक थंड घाम, भुकेने कासावीस होणे, बोलण्यात विसंगती, चिडचिड, असे दिसले की आधी साखर मोजा, आणि यंत्र हाताशी नसेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून द्या. एकादशीला, चतुर्थीला निर्जळ उपास करून ग्लिमेपिराइड नेहमीप्रमाणे घेणे हे तर थेट संकटाला बोलावणे आहे. उपासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मेटोप्रोलॉल मात्र उपासालाही चुकवायचे नाही.

दमा असलेल्यांनी अधिक सावध राहावे. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे बीटा-2 जागाही अडवतात आणि त्याने श्वासनलिका आवळतात. त्या वेळी पंपातले साल्बुटामॉलही नीट काम करत नाही, कारण त्याला बसायची जागाच अडलेली असते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही हृदयाच्या जागा पसंत करतात, पण मात्रा वाढली की ती पसंती विरत जाते. काचबिंदूसाठी डोळ्यात टाकायचे टिमोलॉलचे थेंबही बीटा ब्लॉकरच आहेत. ते अश्रुनलिकेतून नाकात उतरून रक्तात मिसळतात, आणि ‘डोळ्याचेच तर औषध आहे’ म्हणून कोणी ते सांगत नाही. दम्याच्या रुग्णाने ते डोळ्यांच्या डॉक्टरांना अवश्य सांगावे. ज्यांना चालते त्यांनीही थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरावा.

याच संदर्भात तरुणांसाठी एक कळकळीची सूचना. भाषण, तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत यांच्या आधी हात थरथरू नयेत म्हणून मित्राच्या सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉल घेण्याची पद्धत मला वाढताना दिसते. थरथर आणि धडधड त्याने कमी होते हे खरे आहे, आणि निवडक व्यक्तींना आम्ही ते कमी मात्रेत लिहूनही देतो. पण लहानपणचा विसरलेला दमा किंवा मुळातच कमी रक्तदाब असलेल्याला तीच गोळी घातक ठरू शकते. ही औषधे जास्त प्रमाणात पोटात गेली तर वाचवणे अवघड असते, त्यामुळे घरात ती लहान मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका.

इतर औषधांपैकी व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही दोन नावे लक्षात ठेवा. तीही हृदयाचे ठोके मंदावतात आणि बीटा ब्लॉकरबरोबर घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या कागदांवर लिहिलेल्या गोळ्या अशा एकत्र येतात. नैराश्यासाठीची फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ही औषधे यकृतात मेटोप्रोलॉलचा निचरा रोखतात, त्यामुळे 50ची गोळी रक्तात त्याहून कितीतरी जास्त झाल्यासारखी वागते. ॲटेनोलॉल मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्यांत ते साचते.

पट्टीवर ‘मेटोप्रोलॉल’च्या पुढे काय छापले आहे तेही पाहा. टार्ट्रेट असेल तर औषध लवकर उतरते आणि साधारणपणे दिवसातून दोनदा घ्यावे लागते. सक्सिनेट दिवसभर हळूहळू सुटते, म्हणून एकदाच पुरते. दुकानदाराने एकाऐवजी दुसरे दिले तर आकडा तोच राहूनही उपचार बदलतो. सक्सिनेटच्या गोळीवर मधोमध रेघ असेल तर तिचे दोन तुकडे चालतात, पण ती कुटून किंवा चावून घेऊ नये, नाहीतर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. एखाद्या दिवशी गोळी विसरली तर आठवताच घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले तर ‘उपाशी पोटी या’ याचा अर्थ ही गोळीही टाळायची असा लावू नका. आधीपासून चालू असलेला बीटा ब्लॉकर सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर दिला जातो, फक्त भूलतज्ज्ञांना विचारून घ्या.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. सात दिवस सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, बसलेल्या स्थितीत नाडी आणि रक्तदाब एका वहीत लिहा. थकवा दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, गोळी घेतल्यावर किती तासांनी, तेही लिहा. अटॅकच्या वेळचा डिस्चार्ज कागद, अलीकडचा इको, आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, डोळ्यांच्या थेंबांसह, एका पिशवीत घेऊन तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. इको वर्षाहून जुना असेल तर नवा करून घ्या. त्यांना तीन गोष्टी विचारा : वडिलांना ही गोळी आज नेमकी कशासाठी चालू आहे, मात्रा 25वर आणून थकव्यात फरक पडतो का पाहता येईल का, आणि ती थांबवायची असेल तर किती आठवड्यांत कशी उतरवायची. तोवर उद्या सकाळची गोळी नेहमीच्या वेळी घेऊ द्या.